ट्रफलच्या ताटाला बसण्याआधी

अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी आणि जावई मिलानला असतात. नोव्हेंबरात सर आणि त्यांच्या पत्नी तिकडे जाणार आहेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून जावयांनी आल्बा गावाजवळच्या एका हॉटेलात टेबल राखून ठेवलंय, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थावर ट्रफल असतं. सर शाकाहारी आहेत, पण त्यांना अंडं चालतं. काकू माळकरी, त्यांना अंडंही चालत नाही. मेनूवरचे आकडे बघून दोघांची झोप उडालीय. ते विचारतात: हे नेमकं असतं काय, आम्ही मागवायचं काय, आणि एवढे पैसे घालावेत असं त्यात आहे तरी काय?

सर, मी मूळचा पारोळ्याचा. सहा वर्षं इटलीत, त्यातली चार पिएमोंते भागातच, म्हणजे तुम्ही जिथे जाताय तिथल्या स्वयंपाकघरात होतो. नंतर मुंबईला पंचतारांकित हॉटेलच्या इटालियन विभागात चौदा वर्षं काढली. आता जळगावला असतो. तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण बहुतेक लोक जेवून आल्यावर विचारतात. तुम्ही आधी विचारलंत, त्यामुळे तुमचे पैसे वाया जाणार नाहीत.

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी अळंबी. ओक, हेझल, पॉपलर, लिंडेन अशा झाडांच्या मुळांशी तिचं देवाणघेवाणीचं नातं असतं. ती झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देते, झाड तिला साखर देतं. वर उगवणारी अळंबी आपलं बी वाऱ्यावर सोडते. मातीत दडलेल्या ट्रफलला वारा मिळणार कुठून? म्हणून ती पिकली की जोरदार वास सोडते. त्या वासाने जनावरं माती उकरतात, खातात आणि बी पसरवतात. जगभर ज्या वासासाठी लोक पैसे मोजतात तो मुळात रानडुकरांना आणि उंदरांना दिलेली हाक आहे. हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुम्ही पैसे देणार ते वासाचे. चव म्हणाल तर पांढऱ्या ट्रफलच्या कापाला नुसती जिभेवर फारशी चवच नसते.

वास कसा, ते शब्दांत सांगणं अवघड, पण खान्देशी माणसाला सांगायला एक रस्ता आहे. माझी आई एकदा उपचारासाठी मुंबईला आली होती. मी तिला हॉटेलच्या मागच्या दाराने आत नेलं आणि ट्रफलची बरणी उघडून तिच्या नाकाशी धरली. ती पटकन म्हणाली, "हिंगाच्या डब्यात लसूण ठेवली का रे?" तिचं नाक अगदी बरोबर होतं. हिंग, लसूण आणि ट्रफल या तिघांचाही वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. त्यात पहिल्या पावसानंतरची माती, थोडा मध आणि मुरलेलं चीज मिसळा, म्हणजे पांढऱ्या ट्रफलच्या जवळ पोचाल. काही लोकांना हा वास सहनच होत नाही. हे आधीच कबूल करतो, कारण काकूंना नाही आवडला तर त्यात त्यांची काही चूक नाही. मग त्यांना आग्रह करू नका.

आता हंगाम, कारण अर्धा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो. पांढरं ट्रफल ऑक्टोबर ते डिसेंबर, फार तर जानेवारी. आल्बाची ख्याती ती याचीच. काळं हिवाळी ट्रफल डिसेंबर ते मार्च, मध्य इटलीत उंब्रिया भागातलं नॉर्चा गाव त्यासाठी प्रसिद्ध. उन्हाळी काळं मे-जूनपासून ऑगस्टपर्यंत, स्वस्त आणि वासाला सौम्य. शिवाय बियांकेत्तो नावाचं एक लहान फिकट ट्रफल जानेवारी ते एप्रिल मिळतं. दिसायला पांढऱ्यासारखं, वासाला लसणीकडे झुकणारं, किमतीत खूप खाली. तुमचं जाणं नोव्हेंबरात आहे, म्हणजे पांढऱ्याच्या ऐन भरात. जावयांनी महिना नेमका साधलाय. बामणोदच्या वांग्यांचं भरीत खायचं तर थंडीतच खावं, जूनमध्ये त्याचा हट्ट धरू नये, तसंच हे.

महाग का, तर पांढऱ्याची शेती अजून कुणाला नीट जमलेली नाही. काळ्याची बाग लावता येते. स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात रोपांच्या मुळांना बी लावून ती लावतात. ऑस्ट्रेलियाचा हिवाळा जून ते ऑगस्ट, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात मुंबईच्या हॉटेलात ताजं काळं ट्रफल मिळालं तर ते तिकडचं असू शकतं आणि उत्तमही असू शकतं. पांढरं मात्र जंगलात कुत्रं शोधेल तेवढंच. पूर्वी डुकरं वापरत, पण डुक्कर माती उखडून मुळांची जाळी तोडतं आणि बराच माल स्वतःच खातं. इटलीने 1985 च्या कायद्याने शोधण्याचं काम कुत्र्यांपुरतं ठेवलं आणि खणलेला खड्डा परत बुजवणं बंधनकारक केलं. शोधणाऱ्याला त्या भागात त्रिफोलाओ म्हणतात. बरेच जण रात्री निघतात. अंधारात कुत्र्याचं लक्ष कमी भरकटतं, आणि आपली जागा शेजाऱ्याला कळत नाही. बापाने मुलालासुद्धा काही झाडं शेवटपर्यंत दाखवली नाहीत असे किस्से मी तिथे बसून ऐकलेत. या सगळ्या ज्ञानाला 2021 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशात जागा दिली.

त्यातून उन्हाळा कोरडा गेला की माल घटतो. आणि ट्रफलमध्ये बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे जमिनीतून काढल्या क्षणापासून ते रोज वजन आणि वास दोन्ही गमावतं. आठवडाभरात त्याचा प्राण जातो. फ्रीजमध्ये कागदात गुंडाळून बंद बरणीत ठेवायचं आणि कागद रोज बदलायचा, हे माझं रोज सकाळचं पहिलं काम असे. बरणीत कच्ची अंडीही ठेवत असू. कवचातून वास आत शिरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या अंड्यांचं साधं ऑम्लेट केलं तरी घमघमतं. हे अंडं चालणाऱ्या तुमच्यासाठी.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमची मागणी त्यावरच ठरणार आहे. तिथे जाऊन मला दोन महिने झाले होते. एका दुपारी मला पांढऱ्या ट्रफलचे काप दिले आणि पास्त्यावर घालायला सांगितलं. मी खान्देशातला. आमच्याकडे काळ्या मसाल्यातलं दगडफूल तेलात पडल्याशिवाय बोलत नाही, नुसतं हुंगलं तर सुकलेल्या सालीसारखं लागतं. तोच हिशोब लावून मी लोणी कडक तापवलं आणि काप त्यात टाकले. चर्रर झालं, अर्ध्या मिनिटात सगळ्या खोलीत वास पसरला. मला वाटलं, जमलं. मुख्य आचारी आले, पॅनवर वाकले आणि एवढंच म्हणाले, "आता वास खोलीत आहे. ताटात काय उरलं?" मी खाऊन पाहिलं. पातळ, चिवट, बटाट्याच्या सालीसारखे तुकडे. त्या दुपारी मी जे शिकलो ते पुढची वीस वर्षं पुरलं: पांढरं ट्रफल शिजवायचं नसतं. खालचा पदार्थ गरम हवा, त्यात स्निग्धपणा हवा, आणि ट्रफल कच्चं, शेवटच्या क्षणी, खाणाऱ्याच्या समोर पडलं पाहिजे. काळ्याला थोडी ऊब चालते. म्हणून नॉर्चाकडे ते किसून कोमट तेलात मिसळतात.

स्निग्धपणा कशाला? वासाची ही संयुगं लोण्यात, चीजमध्ये, अंड्याच्या बलकात धरून राहतात. आणि पदार्थ सौम्य हवा, कारण टोमॅटो, मिरची, लिंबू यांपुढे ट्रफल उभंच राहत नाही. तेव्हा मेनू कितीही लांब असो, ज्या पदार्थाचं वर्णन सगळ्यात कमी शब्दांत आहे तो निवडा. माझ्या मते एका माणसाने एका जेवणात ट्रफलचा एकच पदार्थ खावा. पाच पदार्थांवर थोडं थोडं पडलेलं ट्रफल म्हणजे नाक थकवणं आणि खिसा रिकामा करणं. हॉटेलवाले 'सगळं ट्रफलचं' असं पूर्ण जेवण सुचवतील. नम्रपणे नाही म्हणा. इटलीत जेवण चार-पाच टप्प्यांत लिहिलेलं असतं, पण प्रत्येक टप्प्यातलं घ्यायलाच हवं असं नाही. सुरुवातीचं काहीतरी साधं आणि मग एक पास्ता किंवा रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, एवढं मागवलं तर कुणी भुवई उंचावत नाही.

तुमच्यासाठी, सर, तायारिन. हा तिथला हाताने कापलेला बारीक पास्ता, आपल्या शेवयांपेक्षा जरा चपटा. पिठात पाण्याऐवजी अंड्याचा बलक असतो, किलोला तीस बलकसुद्धा घालतात, म्हणून त्याचा रंग हळदीसारखा दिसतो. वर फक्त लोणी आणि ट्रफल. नाहीतर लोण्यात केलेलं हाफ फ्राय आणि त्यावर ट्रफल. ऐकायला फार साधं वाटेल, पण मला स्वतःला निवड दिली तर मी हेच मागवीन.

काकूंचं जरा काळजीपूर्वक. तायारिन बाद. फोंदूता नावाचं वितळलेल्या चीजचं जे असतं त्यातही बलक असतो, तेही बाद. न्योक्की म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, त्यांत पुष्कळदा अंडं असतं, विचारावं लागेल. मेनूवर कच्च्या मांसाच्या कापांवर ट्रफल असा पदार्थ हमखास असतो, तो शेजारच्या टेबलावर आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. काकूंसाठी सगळ्यात योग्य म्हणजे पांढरा रिसोत्तो. आपल्या मऊ खिचडीसारखा, पण कार्नारोली जातीच्या तांदळाचा, दाणा आतून किंचित कणखर ठेवलेला. शेवटी थंड लोणी घालून जोरात हलवतात, मग तो ताटात लाटेसारखा पसरतो. मात्र त्यात चार ठिकाणी अडचण असते आणि या चारही गोष्टी मेनूवर लिहिलेल्या नसतात. एक, तो बहुधा मांसाच्या रश्शात शिजतो. दोन, सुरुवातीला तांदळावर पांढरी वाईन ओततात. तीन, कांदा असतो. चार, चीज. पार्मिजानो असो की फोंतीना, दोन्हीचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. तिथल्या नियमातच ते आहे. बऱ्याच शाकाहारी घरांना हे माहीत नसतं आणि नंतर कळलं की वाईट वाटतं. काकू चीज खातात की नाही हा त्यांचा निर्णय, पण तो माहिती असताना घेतलेला असावा.

म्हणून टेबलावर बसून नाही, तर चार दिवस आधी जावयांना फोन करायला सांगा. भाज्यांच्या रश्शातला, वाईनशिवाय, फक्त लोण्याचा रिसोत्तो करून द्याल का, एवढं विचारायचं. चांगलं हॉटेल आनंदाने देतं. मी स्वतः असे कित्येक करून दिलेत, त्यासाठी रश्शाचं एक वेगळं पातेलं चढवावं लागतं, बाकी काही नाही. ऐनवेळी सांगितलं तर मात्र तयार रस्सा तोच असतो आणि वेटर नकळत खोटं बोलून जातो. कानावर राहावेत म्हणून तीन शब्द: ब्रोदो वेजेताले म्हणजे भाज्यांचा रस्सा, सेन्झा कार्ने म्हणजे मांसाशिवाय, सेन्झा उओवा म्हणजे अंड्याशिवाय. तुम्ही कधी नॉर्चाकडे गेलात तर सेन्झा आच्चुगे हेही पाठ करा. तिथल्या काळ्या ट्रफलच्या तेलात लसणीबरोबर बारीक मासा वितळवलेला असू शकतो, तो दिसत नाही. आणि हो, नोव्हेंबरात कार्तिकी एकादशी येऊ शकते. टेबलाची तारीख पंचांगाशी ताडून बघा.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते. वेटर लाकडी पेटी किंवा काचेच्या घंटेखाली झाकलेलं ट्रफल आणतो. आकाराने ते आल्याच्या गड्ड्यासारखं ओबडधोबड, साल मात्र फिकट पिवळसर, गुळगुळीत. संकोच करू नका, हुंगायला मागा. तिथे त्याला कुणी हावरटपणा समजत नाही, उलट जाणकार आहात असं समजतात. दाबून पाहायला मिळालं तर घट्ट हवं. लिबलिबीत झालेलं किंवा अमोनियासारखं झोंबणारं जुनं असतं. वास आला नाही तर ट्रफल नको म्हणा आणि नुसता पास्ता खा. हे म्हणायला धैर्य लागतं, पण तुमचा तो हक्क आहे.

मग वजनकाटा. चांगल्या ठिकाणी ट्रफल तुमच्यासमोर तोलतात, कापून झालं की परत तोलतात आणि फरकाचे पैसे लावतात. मेनूत पदार्थाची किंमत वेगळी आणि ट्रफलची ग्रॅमवर वेगळी, हे बघून गोंधळू नका. बाजारात पांढऱ्याचा भाव हंगामाप्रमाणे ग्रॅममागे तीन ते पाच युरोच्या आसपास फिरतो, हॉटेलात त्याहून चढा. एका ताटाला आठ-दहा ग्रॅम भरपूर झाले. म्हणजे एका माणसाचं नुसतं ट्रफलच पाच हजार रुपयांच्या पुढे जाऊ शकतं. कापायला लागला की वेटर तुमच्या तोंडाकडे बघत राहतो आणि तुम्ही थांब म्हणेपर्यंत हात चालू ठेवतो. लाजेपोटी गप्प बसलात तर वीस ग्रॅम पडतात. म्हणून आधीच आकडा सांगा: आठ ग्रॅम. वास आठ ग्रॅममध्ये जेवढा येतो त्याच्या दुप्पट सोळा ग्रॅममध्ये येत नाही, हे मी शेकडो ताटं वाढून सांगतोय.

कापणी लहान रंध्यासारख्या पात्याने होते. काप इतके पातळ की ताटावर पडताना तरंगतात. आतला रंग बदामी, त्यात पांढऱ्या रेघांचं जाळं. गरम लोण्याला टेकले की कडा मऊ पडून वाकतात आणि साधारण अर्ध्या मिनिटात वास वर येतो. ते अर्धं मिनिट फोटोत घालवू नका. मान खाली करा, नाकाने एकदा खोल घ्या आणि लगेच खायला लागा. ताट थंड झालं की गेलं. मी स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून पाहायचो. लोक मोबाईल सरळ करत बसायचे आणि आमची रात्रभराची जपणूक वाफेबरोबर छताला जायची. फार जीव तुटायचा.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी काही युरो लावलेले दिसतील. तो पाव आणि बैठकीचा आकार असतो, फसवणूक नाही.

ट्रफलच्या तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी भेट म्हणून देईल, किंवा आल्बाच्या दुकानांत तुम्हीच बाटली उचलाल. नका उचलू. बहुतेक बाटल्यांतल्या तेलात प्रयोगशाळेत केलेला एकच वास घातलेला असतो, पांढऱ्या ट्रफलमधल्या अनेक वासांपैकी एक. लेबलवर आरोमा हा शब्द असला की समजा. त्यात तरंगणारा सुका तुकडा शोभेचा असतो. पुण्या-मुंबईत जे ट्रफल फ्राईज आणि ट्रफल पिझ्झा मिळतात ते बहुतांशी याच तेलाचे. तो उग्र, घशाशी येणारा वास म्हणजे ट्रफल असं समजून अनेकांनी कायमचं तोंड फिरवलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बरण्यांतल्या काळ्या चटणीतही मुख्यतः साधं मशरूम असतं, ट्रफल शेकडा दोन-चार. ताजं ट्रफल घरी आणायचा विचारही नको, मिलान ते मुंबई, मुंबई ते अमळनेर या प्रवासात ते थकून जाईल.

त्यापेक्षा सकाळी लवकर निघून आल्बाची ट्रफलची जत्रा बघा. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी भरते, 1920 च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे. विक्रीला येणारा माल तपासायला तिथे जाणकारांची समिती बसते. घ्यायचं काही नाही, नुसतं या टेबलावरून त्या टेबलावर हुंगत फिरायचं. शोधणारे लोक मातीचे बूट घालूनच उभे असतात, कुत्र्याचं नाव विचारलंत तर पंधरा मिनिटं बोलतील. काकूंना जेवणापेक्षा हेच जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे. आणि तिथे आधी नाक तयार झालं की रात्री टेबलावर चांगलं-वाईट तुमचं तुम्हाला कळेल.

शेवटी ताटात लोणी उरेल. ते चमच्याने गोळा करत बसू नका. पावाचा तुकडा मोडा आणि भाकरीने वाटी पुसतो तसं ताट पुसून घ्या. तिथे याला स्कार्पेत्ता म्हणतात, मोठ्या हॉटेलातही चालतं, आणि ट्रफलचा सगळ्यात दाट वास त्या शेवटच्या घासात असतो.